आजी कागदपत्रांच्या झेरॉक्स घेऊन येतायत

ताई,

मी २५ वर्षांची आहे. मूळची सोलापूर जिल्ह्यातली, मास मीडियाची पदवी घेऊन मुंबईत आले. दुपारी लागणाऱ्या, घरगुती भांडणांवरच्या एका टॉक शोमध्ये रिसर्चर आहे. माणसं शोधायची, फोनवर बोलून त्यांची गोष्ट काढून घ्यायची आणि त्यांना शूटपर्यंत आणायचं, हे माझं काम.

पुढच्या आठवड्यात एक आजी येतायत. वय ६८. यजमान गेल्यावर त्यांनी राहतं घर बक्षीसपत्रानं मुलाच्या नावे केलं आणि वर्षभरात मुला-सुनेनं त्यांना बाहेर काढलं. सध्या भाचीकडे राहतात. मी त्यांना सांगितलंय की शो चालवणाऱ्या मॅडम दोन्ही बाजू ऐकून मार्ग काढतील. जे सांगितलं नाही ते असं: सून स्टेजवर म्हणणार आहे की सासरे अंथरुणाला खिळलेले असताना सासूबाईंचे गावातल्या एका माणसाशी संबंध होते. तेवढ्यासाठी लाय डिटेक्टर ठेवलाय. सरांनी बजावलंय, 'आजींना कळता कामा नये, रिअ‍ॅक्शन रॉ हवी.' आजींना बीपी आहे, शुगर आहे. काल त्यांचा फोन आला, घराचा नमुना आठचा उतारा आणि बक्षीसपत्र यांच्या किती झेरॉक्स आणू म्हणून. मी 'दोन आणा' म्हणाले आणि फोन ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आई म्हणते, नोकरी आहे, तू नाही केलंस तर दुसरी कोणी करेल. सर म्हणतात, आजींनी रिलीज फॉर्मवर, म्हणजे चित्रीकरण दाखवायच्या संमतीपत्रावर, सही केलीय, त्यांना पाच हजार मिळणारेत, आपण कुणावर जबरदस्ती केलेली नाही. माझ्या डोक्यावर घरभाडं आहे, एज्युकेशन लोनचा हप्ता आहे. नोकरी सोडू का? की आजींना सांगू?

— अ., कांदिवली

*

प्रिय अ.,

नोकरीचं मागाहून बघू. आजींना फोन आज कर. हॉटेलवर उतरल्यावर नको. त्या गावातून निघायच्या आत कर आणि भाचीला शेजारी बसवून घ्यायला सांग. स्वच्छ सांग की हा टीव्हीचा कार्यक्रम आहे, इथं न्यायाधीश कुणी नाही, आणि मॅडम काहीही म्हणाल्या तरी त्यानं घर परत मिळत नाही. मुलगा आणि सून दोघंही समोर असणार हे सांग. घराचा विषय बाजूला पडेल, बोलणं तुमच्या चारित्र्यावर जाईल, यजमान आजारी होते त्या दिवसांबद्दल विचारतील, खरंखोटं तपासायचं यंत्र लावायचं म्हणतील, हेही सांग. हे सगळं यूट्यूबवर राहणार, गावातल्या पोरांच्या मोबाइलवर फिरणार. एवढं झालं की विचार, 'आता यायचंय का?' हो म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय. नाही म्हणाल्या तर तिकीट रद्द करून टाक.

तुझ्या पत्रातली झेरॉक्सची ओळ मी पुनःपुन्हा वाचली. आपली माणसं झेरॉक्स घेऊन कुठं जातात? तहसीलला, तलाठ्याकडे, बँकेत, कोर्टात. कुणी नमुना आठचा उतारा घेऊन टीव्हीवर जात नाही. म्हणजे आजींच्या मनात त्या एका कचेरीत निघाल्यात, जिथं टेबलापलीकडचा माणूस कागद वाचेल आणि विचारेल की बाई, तुमच्या घरातून तुम्हालाच कसं काढलं? त्यांनी होकार दिलाय तो या गोष्टीला. स्टेजवर जे घडणार आहे त्याला त्यांनी होकार दिलेलाच नाही, कारण ते त्यांच्यासमोर कुणी ठेवलंच नाही.

तुझ्या सरांना फॉर्मचा फार आधार वाटतोय, म्हणून कायद्याचंही सांगते. भारतीय करार कायदा १८७२ चा. ज्या माणसाला एखादी गोष्ट माहीत आहे, तो समोरच्याची सही मिळावी म्हणून ती मुद्दाम लपवत असेल, तर कलम १७ त्याला फसवणूक म्हणतं. अशी संमती मोकळी मानली जात नाही, आणि फसवलेल्या माणसाला कलम १९ प्रमाणे तो करार रद्द ठरवून घेता येतो. रिलीज फॉर्म हाही करारच आहे. 'कळता कामा नये' हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर तो जपून ठेव. आजींना फॉर्म मराठीत वाचून दाखवला होता का, हेही आठवून बघ.

सेटवर याला सरप्राइज म्हणतात. तुझ्या सरांना वाटत असेल की थोडी रडारड होईल, मॅडम पाणी देतील, एपिसोड संपेल. या पद्धतीचं पुढं काय होऊ शकतं हे जगाला १९९५ पासून माहीत आहे. त्या वर्षी ६ मार्चला शिकागोमध्ये 'जेनी जोन्स शो'चं चित्रीकरण झालं. मिशिगनमधल्या एका तरुणाला सांगितलं होतं की तुझ्यावर मनातून प्रेम करणारं कुणीतरी आहे, ते कोण हे स्टेजवर कळेल. निघाला तो त्याच्याच ओळखीतला एक पुरुष. कॅमेऱ्यासमोर तो हसला, अवघडला, दोघं घरी गेले. तिसऱ्या दिवशी त्यानं त्या माणसाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. ज्याचा जीव गेला त्यानं केलं होतं काय, तर आपल्याला कोण आवडतं ते बोलून दाखवलं. खून करणाऱ्याला शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. तो एपिसोड कधीच दाखवला गेला नाही. १९९९ मध्ये तिथल्या ज्युरीनं कार्यक्रमाच्या मालक कंपन्यांना अडीच कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं आणि २००२ मध्ये अपील कोर्टानं तो निकाल फिरवला. पुढं दुसरा कुणी गुन्हा करील, त्यापासून पाहुण्याला वाचवण्याची कायदेशीर जबाबदारी शोवर येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

हा शेवटचा भाग मी मुद्दाम सांगतेय. तुझे सर उद्या तुला म्हणतील की आपल्यावर कायद्यानं काहीच येत नाही. तसं असेलही. पण तू मला विचारलंयस ते सांगू की नको, आणि हा प्रश्न कोर्टाकडे जाण्याच्या कितीतरी आधी सुटतो.

आता यंत्राचं. लाय डिटेक्टर खोटं पकडत नाही. तो नाडी, रक्तदाब, श्वास आणि हाताचा घाम मोजतो आणि त्यावरून माणूस अंदाज बांधतो. समोर कोण बसणार आहे बघ. ६८ वर्षांची बाई, बीपीच्या गोळ्या चालू, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या दिव्यांखाली, पन्नास माणसं बघतायत, आणि मुलाच्या देखत कुणीतरी विचारतंय, 'नवरा आजारी असताना तुमचे परपुरुषाशी संबंध होते का?' नाडी कुणाची उडणार नाही? तो आलेख पाहून मॅडम एका शब्दात निकाल देतील आणि गावात तो शब्द या बाईला आयुष्यभर चिकटेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की खुनाच्या आरोपीलासुद्धा त्याच्या मर्जीविरुद्ध ही चाचणी लावता येणार नाही, आणि त्यानं मर्जीनं करून घेतली तरी नुसता चाचणीचा निकाल पुरावा म्हणून चालणार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या नियमांप्रमाणे ती संमतीसुद्धा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते आणि आधी वकिलाशी बोलायला मिळावं लागतं. पोलीस कोठडीतल्या माणसाला जी सावली आहे ती तुमच्या स्टेजवरच्या म्हातारीला नाही. हे तुझ्या सरांना आणि चॅनेलच्या माणसांना ठाऊक नाही असं मी मानत नाही. लाय डिटेक्टरवरच चालणारा 'सच का सामना' हा टीव्ही शो २००९ मध्ये आला तेव्हा यावर राज्यसभेपर्यंत चर्चा झाली होती.

ब्रिटनमध्ये 'द जेरेमी काइल शो' २००५ पासून १४ वर्षं आयटीव्हीवर रोज सकाळी लागायचा. नवरा-बायको, सासू-जावई, हे मूल कुणाचं, कोण कुणाशी खोटं बोललं, सगळं चव्हाट्यावर. २००७ मध्ये एका पाहुण्यानं स्टेजवरच दुसऱ्याला डोक्यानं ठोसा मारला. तो खटला मँचेस्टरच्या कोर्टात आला तेव्हा न्यायाधीशांनी अस्वलावर कुत्री सोडण्याच्या जुन्या खेळाशी या कार्यक्रमाची तुलना केली आणि निर्मात्यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला हवं होतं असं सुनावलं. शो त्यानंतर आणखी १२ वर्षं चालला. मे २०१९ मध्ये ६३ वर्षांच्या एका माणसाला, आपण होणाऱ्या बायकोशी प्रामाणिक होतो हे सिद्ध करायचं म्हणून, लाय डिटेक्टरवर बसवलं. यंत्र म्हणालं, नापास. काही दिवसांत तो त्याच्या खोलीत मृत सापडला. १५ मे रोजी आयटीव्हीनं शो कायमचा बंद केला. पुढं संसदेच्या समितीनं निर्मात्यांना विचारलं की तुमची ही चाचणी कितपत बरोबर येते, तर त्यांना धड आकडा सांगता आला नाही. १४ वर्षं त्या यंत्रावर संसार मोडले, आणि त्याची अचूकता विचारली तर उत्तर नाही!

२०२४ मध्ये त्या मृत्यूची चौकशी पूर्ण झाली. शोमुळेच त्यानं जीव दिला असं खात्रीनं म्हणता येण्यासारखा दुवा सापडत नाही, असा निष्कर्ष कॉरोनरनं, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, दिला. तो मान्य करायला हवा. माणूस आयुष्य का संपवतो याचं उत्तर एका कारणात मावत नाही, म्हणून 'शोनं मारलं' असं मी लिहिणार नाही. मला बोलायचंय ते त्याच्या अलीकडचं: ज्या चाचणीचा भरवसा तिच्या मालकांनाच नव्हता, तिचा निकाल एका माणसाच्या तोंडावर, लोकांसमोर फेकला गेला. हे चूक होतं, आणि तो माणूस पुढं शंभर वर्षं जगला असता तरी चूकच राहिलं असतं.

तिथं या प्रकरणानंतर नियम बदलले. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेनं एप्रिल २०२१ पासून सहभागी माणसांच्या काळजीचे नवे नियम आणले. पाहुण्याची संमती खरी धरायची असेल तर कार्यक्रम कशाबद्दल आहे, आपल्याला का बोलावलंय, कोणत्या विषयावर प्रश्न येतील, बाकीचे लोक साधारण काय स्वरूपाचं बोलणार आहेत आणि या सगळ्यात आपल्याला काय धोका आहे, हे आधी सांगावं लागतं. भारतातल्या चॅनेलला ऑफकॉमचा नियम लागू नाही. तरी ही यादी तुझ्या फोनशेजारी लिहून ठेव.

कारण तुझ्यापुढं एक अडचण येणार आहे, जी तू पत्रात लिहिलेली नाहीस. सुनेनं तुला जे सांगितलं ते विश्वासानं सांगितलं. ते आजींना कळवणं म्हणजे तिचा विश्वास मोडणं नाही का? यावर मी खूप विचार केला. मला असं वाटतं की आजींना नाव, तारीख, सुनेचे शब्द यांतलं काही सांगू नकोस. 'चारित्र्यावर आरोप होणार आहे, यजमानांच्या आजारपणातल्या काळाबद्दल' एवढं सांगितलं की त्यांना निर्णय घेता येतो. बाकीच्यांच्या बोलण्याचं स्वरूप सांगायचं म्हणजे एवढंच. त्यांनी खोदून विचारलं, 'काय म्हणते ती?' तर म्हण, 'तिचे शब्द मला सांगता येणार नाहीत आजी, पण ऐकवणार नाहीत असे आहेत.' त्यांना दुखेल. फोनवर, भाचीचा हात हातात असताना दुखेल. स्टेजवरची गोष्ट वेगळी.

मी कौटुंबिक समुपदेशनात बरीच वर्षं काढली. बाई खरी गोष्ट कधी सांगते माहीत आहे? तासभर बोलणं होतं, चहा होतो, ती उठते, पिशवी खांद्याला लावते, दारापाशी जाते आणि कडीला हात लावून म्हणते, 'एक सांगायचं राहिलं.' मग परत येऊन बसते. तेवढ्यासाठी खोलीत दोनच माणसं लागतात आणि दार बंद लागतं. आपल्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानंही १९८४ मध्येच हे ओळखलंय. दोघांपैकी एकानं जरी मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. ज्या गोष्टीसाठी न्यायाधीश दार लावून घेतात ती गोष्ट तुमच्याकडे पन्नास माणसं बसवून, टाळ्यांच्या इशाऱ्यावर उघडली जाते. सून खरं बोलतेय की खोटं, हे मला माहीत नाही आणि त्यानं काही फरकही पडत नाही. घरातून काढलेल्या बाईला घर मागायला चारित्र्याचा दाखला लागत नाही.

इथं एक गोष्ट मात्र तुझ्या शोच्या बाजूनं बोलायला हवी. लोक तुमच्याकडे येतात ते वेडे म्हणून येत नाहीत. पोलीस ठाण्यात 'घरगुती मामला आहे' म्हणून परत पाठवलेलं असतं, वकिलानं आगाऊ पैसे मागितलेले असतात, भावकीनं पाठ फिरवलेली असते. तुझ्यासारखी कुणीतरी फोन करते, पाऊण तास ऐकून घेते, 'मग काय झालं आजी?' विचारते. कित्येकांना तो पहिला ऐकणारा माणूस असतो. म्हणून नुसतं 'येऊ नका' सांगून फोन ठेवू नकोस. त्या ज्यासाठी झेरॉक्स काढतायत ती कचेरी खरोखर आहे, तिचा पत्ता दे.

पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ सालचा. त्याखालचं न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकाऱ्यांचं कार्यालय. अर्ज स्वतः करता येतो, जाणं जमत नसेल तर दुसऱ्याला अधिकार देता येतो. या अर्जासाठी वकील लावायची गरज नाही. चरितार्थासाठी महिन्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. आजींच्या कामाचं त्यातलं कलम २३ आहे. सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणारा सांभाळत नसेल, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असली तर काम सोपं, नसली तर दाखवून द्यायला कष्ट पडतात, म्हणून आजींना बक्षीसपत्र भाचीकडून नीट वाचून घ्यायला सांग. सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याची समिती. स्त्रियांना तिथं मिळकत न बघता फुकट वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. हे दोन नंबर आजींच्या हातात पडले तर तुझ्या पाऊण तासाच्या ऐकण्याचं सोनं होईल.

आणि सगळं ऐकूनही त्या म्हणाल्या, 'येते मी, माझं खरं आहे, कुणाला भ्यायचं?' तर? म्हणू शकतील. या पिढीच्या बायका कणखर असतात. मग भाची सोबत असली पाहिजे आणि ती ग्रीन रूममध्येही त्यांच्याजवळच बसली पाहिजे. जेरेमी काइलच्या माजी कर्मचाऱ्यांनी २०२२ मध्ये चॅनल फोरच्या माहितीपटात सांगितलं की दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून, 'ती तुझ्याबद्दल असं म्हणाली' करत स्टेजवर जाईपर्यंत तापवलं जायचं. तुमच्याकडे हे काम कोण करतं ते तुला माहीत असेल. ते तुझ्याकडे आलं तर करू नकोस. यंत्राला आजींनी लेखी नकार द्यावा. गोळ्या आणि जेवण वेळेवर, कारण शूट लांबलं की पहिली उपासमार पाहुण्यांची होते आणि शुगर असलेल्या माणसाला ते झेपत नाही. मधेच उठून जायची मुभा आहे हे त्यांना आधी सांगितलेलं असावं. एपिसोड कधी लागणार ते कळव आणि तो लागल्यावर दुसऱ्या दिवशी फोन कर. त्या दिवशी गावात काय बोललं जाईल त्याची कल्पना आहे ना? मन फारच खचलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. तुझी झोप अशीच उडालेली राहिली तर तोच नंबर तुझ्यासाठीही आहे.

आता आईचं म्हणणं. तू नाही केलंस तर दुसरी कोणी करेल. करेलही. पण आजींनी विश्वास टाकला तो चॅनेलवर नाही, दुसरीवर नाही. त्या ज्या आवाजाला झेरॉक्स किती आणू विचारतात तो तुझा आवाज आहे. याच कारणानं शूटच्या आधी राजीनामा देऊ नकोस. तू गेलीस तर आजींची फाइल दुसऱ्या टेबलावर जाईल, आणि त्या टेबलावरच्या मुलीला त्यांच्या बीपीबद्दल काही वाटायचं कारण नाही.

फोन करायच्या आधी सरांना दोन ओळींचा मेल टाक. 'पाहुण्यांना कार्यक्रमाचं स्वरूप आणि समोरून येणाऱ्या आरोपाचं स्वरूप सांगितलेलं नाही. वय आणि आजार पाहता प्रवासापूर्वी मी त्यांना ते सांगत आहे.' परवानगी मागू नकोस, फक्त कळव. मेल तुझ्याकडे राहतो आणि उद्या काही बिनसलं तर तू काय केलंस ते कागदावर असतं. तुझ्या करारात गोपनीयतेचं कलम असेल, म्हणून सोशल मीडियावर काही लिहू नकोस, पत्रकार मित्राला फाइल पाठवू नकोस. पाहुण्याला तिच्याच बद्दलची माहिती देणं आणि बाहेर बोभाटा करणं यांत फरक आहे. तरी धास्ती वाटली तर तो विधी सेवा प्राधिकरणाचा फुकट वकील तुलाही मिळतो. करार घेऊन जा.

वरून कुणी हे थांबवेल याची वाट बघू नकोस. २०१० मध्ये 'राखी का इन्साफ' या टीव्ही शोमध्ये झाशीकडच्या एका तरुणाच्या पुरुषत्वावर स्टेजवरून शेरे मारले गेले, पुढं तो वारला, घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली, देशभर गदारोळ झाला. माहिती व प्रसारण मंत्रालयानं काय केलं? कार्यक्रम रात्री ११ नंतर दाखवा म्हणून सांगितलं. वेळ बदलली. पाहुण्याला काय सांगून आणायचं हा प्रश्न तसाच राहिला, कारण तो मंत्रालयापर्यंत पोचतच नाही. तो तुझ्या पातळीवर, फोनवर ठरतो. तुझ्या पगाराच्या मानानं ही जबाबदारी फार मोठी आहे हे मला कळतं.

या मेलनंतर सर चिडतील. कदाचित पुढच्या केसेस तुला देणार नाहीत, कदाचित बोलावून समज देतील. यानंतरही पाहुण्यांना आधी सांगायची मोकळीक मिळाली तर राहा आणि तेवढं नेमानं कर. नाही मिळाली तर बाहेर पड, पण तडकाफडकी नको, हप्ता डोक्यावर आहे. तीन महिन्यांच्या भाड्याची तजवीज कर, तोवर अर्ज टाक. अनोळखी माणसाला फोनवर बोलतं करायची कला तुझ्याकडे आहे. डॉक्युमेंटरीवाल्यांना ती लागते, बातम्यांच्या डेस्कला लागते, सामाजिक संस्थांना तर फारच लागते. पगार सुरुवातीला कमी मिळेल. आईला हे सगळं आत्ताच सांगून ठेव.

आणखी एक फोन आहे, सुनेला. तीही तुमची पाहुणीच आहे आणि तिलाही पूर्ण काही सांगितलेलं नसणार. कॅमेऱ्यासमोर जे ती बोलेल ते तिच्या नावावर राहील. नव्या न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीचा गुन्हा तिच्यावर दाखल होऊ शकतो. घरात मूल असेल तर शाळेत ते आजीबद्दल काय ऐकेल याचा विचार तिनं केलाय का, विचार तिला. आजी काय म्हणाल्या ते सांगायचं नाही, दटावायचं नाही, एवढं समोर ठेवून म्हणायचं की घराबद्दल जे बोलायचं ते बोला, हे बोललंच पाहिजे असं नाही. आजींचा फोन ठेवलास की लगेच तिचा लाव. सकाळवर टाकू नकोस, कारण आजींनी नकार दिल्याचं कळलं की सरांचा पहिला फोन तिलाच जाईल.

तुझी,
ताई